बॉम्बे बँक नक्की कशाने बुडाली? १८६५ च्या शेअर सट्ट्याचं प्रकरण

१८६५ मधे मुंबईत शेअर्स कोसळले त्याची गोष्ट सगळे एकाच पद्धतीने सांगतात. अमेरिकेत युद्ध पेटलं, कापूस महागला, मुंबईत पैशाचा पूर आला, युद्ध संपलं, पूर ओसरला, लोकं बुडाली. यात खोटं काही नाही, पण मला हे कधीच पुरेसं वाटलं नाही, कारण कापसाचा भाव पडला तर कापसाच्या व्यापाऱ्याचं दिवाळं निघेल हे समजतं, पण १८४० पासून चालत आलेली, सरकार स्वतः भागीदार असलेली, बोर्डावर सरकारी डायरेक्टर बसलेले अशी बॉम्बे बँक का बुडावी? तिने काही कापसाची शेती केली नव्हती. मी एकोणीस वर्षं बँकेत कर्ज खात्यात काढली, तारणाचे कागद तपासणं हेच काम होतं, त्यामुळे या प्रकरणात माझी नजर कापसावर न जाता थेट बँकेच्या कपाटावर जाते, की तारण म्हणून आत नक्की काय ठेवलं होतं? ते कळलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं.

तरी सुरुवात कापसापासूनच करावी लागेल. एप्रिल १८६१ मधे अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि उत्तरेकडच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवून धरली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या मुख्यतः त्या दक्षिणेच्या कापसावर चालायच्या. आपल्याकडचा कापूस त्यांना 'सुरत' या एकाच नावाने माहीत होता आणि आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला म्हणून ते नाकं मुरडायचे, पण गिरण्या बंद पडायला लागल्यावर तोच कापूस सोन्यासारखा झाला. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, धारवाड, जिथे जिथे काळी जमीन तिथून गासड्या मुंबईकडे निघाल्या, काही बैलगाड्यांनी, काही नव्या रेल्वेने. बोरघाटातली रेल्वे १८६३ मधे सुरू झाली म्हणजे अगदी वेळेवर. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकला असंही सांगतात. युद्धाच्या त्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या भावाने मिळाले असते त्यापेक्षा जास्तीचे सात ते आठ कोटी पौंड मिळाले असा हिशोब मांडला जातो, आणि तेव्हाचा पौंड म्हणजे साधारण दहा रुपये, म्हणजे सत्तर-ऐंशी कोटी रुपये झाले, ते पण अशा काळात जेव्हा लाखाचा धनी म्हणजे अख्ख्या शहराला ठाऊक असलेला माणूस.

हा नफा खरा होता हे मला ठासून सांगायचंय. माल खरा होता, गिऱ्हाईक खरं होतं, चांदी जहाजातून येऊन बंदरावर उतरत होती. प्रश्न नंतरचा होता, तो पैसा घालायचा कुठे. गिरण्या हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, सरकारी कर्जरोख्यांना व्याज बेताचं, रेल्वेचे शेअर्स लंडनमधे. आणि नेमक्या याच सुमारास कायदा पण बदललेला. १८५७ च्या कायद्याने कंपन्यांना मर्यादित जबाबदारी मिळाली होती, म्हणजे कंपनी बुडाली तरी शेअरहोल्डरचं जाणार तेवढं शेअरपुरतंच, आणि १८६० मधे ही सवलत बँकांनाही लागू झाली. त्यामुळे कंपनी काढणं एकदम सोपं झालं आणि मुंबईकरांनी ती धडाक्यात काढली. १८६५ उजाडलं तेव्हा मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन, ८ जमिनीच्या कंपन्या, २० विमा कंपन्या होत्या असा आकडा मिळतो. त्याच्या दहा वर्षं आधी यातलं फारसं काही नव्हतं.

जमिनीच्या कंपन्या का निघाल्या तेही बघायला पाहिजे, कारण त्याला पण पाया होता. मुंबई म्हणजे समुद्राने घेरलेली चिंचोळी जागा, किल्ल्याच्या भिंती याच काळात पाडल्या जात होत्या, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअरला शहर मोठं करायचं होतं, बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेला शहरात यायला जागा हवी होती. म्हणून बॅक बेमधे म्हणजे आज आपण चर्चगेट ते मलबार हिलच्या पायथ्याशी जो किनारा बघतो तिथे भर टाकायची, थोडी जमीन रेल्वेला द्यायची, उरलेली विकायची, अशी योजना. आजची मुंबई बघितली तर योजना चूक होती असं कोण म्हणेल? चूक होती ती योजनेच्या शेअरला लावलेल्या किमतीत आणि ती किंमत लोकांनी ज्या पैशाने मोजली त्यात.

बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा एक शेअर म्हणजे ५,००० रुपये भरायचे. त्यातले ४०० शेअर्स मुंबई सरकार स्वतः घेणार होतं पण वरून हिंदुस्थान सरकारने नकार दिला, की सरकारने असल्या धंद्यात पडू नये. मग ते ४०० शेअर्स जाहीर लिलावात काढले गेले. वीस लाखांचा माल, आणि त्याचे आले १ कोटी ६ लाख. म्हणजे शेअरमागे सरासरी २६,५०० रुपये. अजून समुद्रात भर पडायची होती, जमिनीचा एक वार विकला गेला नव्हता, कंपनीकडे दाखवायला नकाशा आणि नाव एवढंच होतं. मी या लिलावापाशी नेहमी थांबतो. त्या दिवसापर्यंत भाव म्हणजे दलालांच्या तोंडची गोष्ट होती, लिलावानंतर तो जाहीर आकडा झाला आणि त्याला सरकारी लिलावाचा शिक्का लागला. आता कुणीही बँकेत जाऊन सांगू शकत होता की माझ्याकडचा कागद २६ हजारांचा आहे, सरकारच्या लिलावात विकला गेलाय. पुढे तोच शेअर पन्नास हजारांच्या आसपास गेला.

आता सौदे कसे व्हायचे. तेव्हा एक्स्चेंज नव्हतं, इमारत नव्हती, टाउन हॉलसमोरच्या वडाखाली दलाल जमायचे, आधी पाच-सहा, १८६० च्या सुमारास साठेक आणि तेजीत दोनशे-अडीचशे. आणि सगळ्यात जोरात चालायचा तो मुदतीचा सौदा, म्हणजे वायदा. आज भाव ठरवायचा, शेअर आणि पैसा यांची देवाणघेवाण पुढच्या ठरलेल्या तारखेला. तोपर्यंत विकणाऱ्याकडे शेअर नसला तरी चालतो, घेणाऱ्याकडे पैसा नसला तरी चालतो, तारीख आली की फक्त फरक द्यायचा-घ्यायचा. यात एक माणूस दहा जणांशी सौदे करतो, त्या दहातला प्रत्येक जण अजून दहांशी, आणि भाव चढता असेपर्यंत सगळेच नफ्यात दिसतात. असे ढीगभर सौदे एकाच तारखेवर येऊन साठले होते, जून संपून १ जुलै १८६५ उजाडेल तेव्हाचे.

फायनान्शियल असोसिएशन या प्रकाराबद्दल थोडं सांगतो, कारण इथेच खरी गाठ बसली. नाव भारदस्त पण काम एकच, शेअर्सवर पैसे उचलून द्यायचे. समजा मला बॅक बेचा एक शेअर अलॉट झाला. पाच हजार माझ्याकडे नाहीत, ते मी एखाद्या फायनान्शियलकडून घेतले. शेअरचा भाव पंचवीस हजार झाला. मी तो शेअर बँकेत ठेवून पंधरा हजार उचलले, फायनान्शियलचे पाच फेडले, उरलेल्या दहा हजारात त्याच फायनान्शियलचे शेअर्स घेतले कारण ते पण चढतायत. माझ्या खरेदीने ते अजून चढले. आता ते शेअर्स दुसऱ्या बँकेत ठेवून पुन्हा उचल. आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत पण रीत हीच होती. नीट बघा, या अख्ख्या साखळीत माझ्या खिशातून एक रुपया गेलेला नाही, तरी वहीत मी श्रीमंत, फायनान्शियल नफ्यात आणि बँकेकडे पंचवीस हजारांचं तारण. आणि ते तारण पंचवीस हजारांचं आहे का, तर बँक आणि फायनान्शियल त्यावर उचल देतायत म्हणून. उचल थांबवली की भाव पडणार, भाव पडला की तारण गेलं. कर्ज खात्यात नव्या पोराला आम्ही पहिली गोष्ट शिकवायचो ती हीच, की तारणाची किंमत कर्जदाराच्या नशिबाशी बांधलेली नको. शेतकऱ्याला कर्ज दिलं आणि तारण म्हणून त्याच शेतातलं उभं पीक घेतलं तर पाऊस गेला की दोन्ही गेलं. इथे तर पाऊस पाडणारी पण बँकच होती.

मग बॉम्बे बँक यात कशी आली? ती तर जुन्या सनदेने बांधलेली, सावध बँक होती. कर्जाची मुदत, रक्कम, तारण कुठलं चालेल, सगळ्याला मर्यादा. त्या मर्यादा गेल्या १८६३ च्या दहाव्या कायद्याने. तो कायदा का आला हे फार कमी लोकं सांगतात. त्याआधी कलकत्ता, मुंबई, मद्रास या तिन्ही इलाख्यांच्या बँका स्वतःच्या नोटा काढायच्या. १८६१ च्या पेपर करन्सी कायद्याने तो हक्क सरकारने स्वतःकडे घेतला, आणि बँकांचं उत्पन्न गेलं म्हणून भरपाई दिली ती दोन प्रकारे, सरकारी तिजोरीतली शिल्लक वापरायला दिली आणि धंद्यावरचे निर्बंध सैल केले. त्यात कुणाचा वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. पण मुंबईच्या बँकेला शेअर्सच्या तारणावर कर्ज द्यायची मोकळीक मिळाली ती नेमकी १८६३ मधे, तेजी अंगात येत होती तेव्हा. भांडवल पण फुगवलं, सव्वाबावन्न लाखांवरून वाढवत वाढवत २ कोटी ९ लाखांपर्यंत. एवढा पैसा हातात आला की तो कुठेतरी लावावाच लागतो.

इथे प्रेमचंद रायचंद. जन्म १८३१ चा, सुरतेच्या जैन कुटुंबातला, लहानपणीच मुंबईत आलेला. इंग्रजी लिहिता-वाचता येणाऱ्या पहिल्या देशी दलालांपैकी एक, आणि हे साधं कारण नव्हे, इंग्रज मॅनेजरशी दुभाष्याशिवाय बोलता येणं म्हणजे त्या काळात अर्धा सौदा तिथेच जिंकला. बॅक बे कंपनी उभी करण्यात त्याचा हात, नव्या कंपन्यांचे शेअर्स कुणाला अलॉट करायचे ते त्याच्या शब्दावर, त्यामुळे त्याच्या दारात सकाळपासून गर्दी. आणि बॉम्बे बँकेच्या सेक्रेटरीवर त्याचं वजन इतकं की कर्ज कुणाला द्यायचं यावर बँकेपेक्षा त्याचं मत चालायचं, हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, १८६८ मधे सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली जे चौकशी कमिशन बसलं त्यात हे सगळं बाहेर आलं. कित्येक कर्जं तर धड तारणाशिवाय, नुसत्या सहीच्या कागदावर दिलेली.

प्रेमचंद हा खलनायक होता असं लिहिणारे खूप आहेत, मला ते पटत नाही. त्याने जे केलं ते दलाल करतोच, आपल्या बाजूला पैसा खेचतो. त्याला 'नाही' म्हणणं हे बँकेच्या माणसांचं काम होतं आणि पगार त्यांना त्या कामाचाच मिळत होता. सेक्रेटरी नमला, डायरेक्टर मंडळाने बघितलं नाही, सरकारी डायरेक्टर बसले होते तेही गप्प. कमिशनने पहिलं बोट ठेवलं ते १८६३ च्या कायद्यावर, आणि ते बरोबरच, पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. कलकत्त्याच्या बँक ऑफ बेंगॉलला १८६२ मधे साधारण तशीच मोकळीक मिळाली होती आणि ती बुडाली नाही. म्हणजे नुसता कायदा पुरत नाही. दार उघडं होतं हे खरं, पण कुणीतरी आत बसून एकेका कागदावर सही करत होतं. एकेक सही करताना त्या माणसाला काय वाटत असेल याचा मी खूप विचार केलाय. भाव रोज वर, कर्जदार रोज फेडून नवीन मागतोय, एकही खातं थकलेलं नाही, अशा वेळी फाइल थांबवायला फार मोठी छाती लागते. थकबाकी नाही म्हणजे कर्ज चांगलं असं वाटतं, पण तेजीत थकबाकी नसतेच, कारण एका बँकेचं कर्ज दुसऱ्या बँकेच्या कर्जातून फिटत असतं.

आणि फसले ते फक्त दलाल-सावकार नव्हेत. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा विद्वान, लोकांवर फुकट उपचार करणारा माणूस, त्यांची पण कमाई या शेअर्समधे गेली. शहरातल्या लोकांनी पार बंगालमधल्या दलदलीच्या पोर्ट कॅनिंग कंपनीचे शेअर्स घेतले होते, जे बंदर त्यातल्या बहुतेकांनी कधी डोळ्यांनी बघितलं नाही.

९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. त्याच्या आधीपासूनच, तहाच्या नुसत्या अफवांनी, कापूस डळमळायला लागला होता. बातमी मुंबईत पोचली आणि भाव घसरत सुटले. पण प्रत्यक्ष घाव बसला तो वायद्यांच्या तारखेचा. मे महिन्यातच तीन कोटींवर देणं असलेल्या एका बड्या व्यापाऱ्याने हात वर केले, आणि मग प्रत्येकाला एकच भीती, मला ज्याच्याकडून येणं आहे तोच बुडाला तर मी कुठून देऊ? १ जुलैला हिशोब पुरा करायचा दिवस आला आणि द्यायला कुणाकडेच काही नव्हतं. ज्याच्याकडून यायचं त्याचंही तिसऱ्याकडून यायचंय, तिसऱ्याचं चौथ्याकडून, आणि साखळीच्या टोकाला कुणी नाहीच. दिवाळ्याचे खटले एवढे तुंबले की सरकारला त्याच वर्षी वेगळा कायदा करून ट्रस्टींमार्फत निकाल लावायची सोय करावी लागली. बॅक बेचा पन्नास हजारांचा कागद दोन हजारांच्या खाली आला. बॉम्बे बँकेचा स्वतःचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो शेवटी ८७ रुपयांना विकला जात होता.

बँक मात्र त्या दिवशी पडली नाही आणि मला यातलं सगळ्यात वाईट तेच वाटतं. दार बंद करून नुकसान मोजण्याऐवजी ती जुन्या कर्जदारांना सांभाळत राहिली, उद्या भाव सुधारेल, हा माणूस तगला तर आपले पैसे निघतील, म्हणून मुदत वाढवून द्या. हे मी माझ्या नोकरीतही बघितलंय, कुठलंही कर्ज पहिल्या दिवशी जेवढं बुडालेलं असतं त्याच्या दुप्पट ते लपवण्यात बुडतं. मे १८६६ मधे लंडनची ओव्हरएंड गर्नी ही मोठी पेढी बुडाली, त्याचा धक्का इथे आला, एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन गेली, प्रेमचंदचंही दिवाळं निघालं. बॉम्बे बँक १८६८ मधे गुंडाळली तेव्हा त्या २ कोटी ९ लाखांच्या भांडवलातलं जवळजवळ सगळं संपलेलं होतं.

शहराचं काय झालं ते शिरगणतीत दिसतं. १८६४ मधे मुंबईत ८,१६,५६२ माणसं मोजली होती, १८७२ मधे ६,४४,४०५. पावणेदोन लाख माणसं कमी. त्यातली किती कामाच्या शोधात आलेली आणि काम संपल्यावर कोकणात, घाटावर परत गेलेली असतील! त्यांच्याकडे एकही शेअर नव्हता. टाटांचं घर पण तेव्हा हललं होतं. तरुण जमशेटजी कापसाच्या व्यवहारासाठी लंडनला गेलेले आणि हातातल्या हुंड्यांना किंमत उरली नाही, तर त्यांनी धनकोंसमोर जाऊन सगळा हिशोब उघडा ठेवला आणि त्यांनाच देणं निस्तरायच्या कामावर नेमलं गेलं. बॉम्बे बँकेने जे करायला पाहिजे होतं ते या पंचविशीतल्या पोराने केलं.

प्रेमचंदने तेजीत, १८६४ मधे, मुंबई विद्यापीठाला दोन लाख ग्रंथालयासाठी आणि दोन लाख घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दिले होते, मनोऱ्याला आपल्या आईचं, राजाबाईचं, नाव द्यावं एवढी इच्छा. ते पैसे विद्यापीठाच्या खात्यात जाऊन पडले म्हणून वाचले. बांधकाम १८६९ ला सुरू झालं, १८७८ ला संपलं, तोवर देणारा दिवाळखोर होऊन पुन्हा उभा राहत होता. दलाल मंडळी पण शहाणी झाली, १८७५ मधे ३१८ जणांनी मिळून नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन काढली, प्रवेश फी एक रुपया, तोच आजचा बीएसई. बॅक बेची भर मात्र अर्धवट राहिली, थोड्या पट्ट्यावरून रेल्वे गेली, आणि १९२० च्या दशकात पुन्हा भर घालायला घेतली तर त्यातही एवढा घोळ झाला की वीर नरीमन यांनी तो चव्हाट्यावर आणला.

बॉम्बे बँक गुंडाळली त्याच वर्षी त्याच नावाने नवीन बँक उभी राहिली, एक कोटी भांडवलाची. आणि १८७६ मधे तिन्ही इलाख्यांच्या बँकांसाठी नवा कायदा आला, त्यात १८६३ ची मोकळीक काढून घेतली, कुठल्या तारणावर कर्ज द्यायचं ते पुन्हा नेमून दिलं, आणि सरकारने आपले शेअर्स विकून टाकले, बोर्डावर स्वतःचे डायरेक्टर नेमणंही बंद केलं. ही नवीन बँक १९२१ मधे इम्पीरियल बँकेत गेली आणि १९५५ मधे इम्पीरियलची स्टेट बँक झाली.